ज्या बाकावर मी बसले नव्हते

(मराठीचे शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी झालेल्या लेखन-कार्यशाळेत केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'स्मरणरंजन आणि ललित लेखन' असा विषय दिला. मी लगेच होकार कळवला. वर्षानुवर्षं शिकवलेला विषय, टिपणं तयार, नवं काही करायचं नव्हतं. मग मार्चमधल्या एका संध्याकाळी मी एका बारमध्ये गेले आणि ती टिपणं बाजूला ठेवावी लागली. आज तुमच्यासमोर जे मांडणार आहे ते म्हणूनच थोडं विस्कळीत आहे. सांभाळून घ्या.

आपण गोव्यात आहोत, तेव्हा बाई बारमध्ये कशाला गेल्या होत्या असं कोणी विचारणार नाही. तरी सांगते. माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा त्या दिवशी पार पडली होती. ती, तिचा नवरा, तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी आणि मी असे पाच जण होतो. जागा त्यांनीच ठरवली. 'मॅडम, तुम्हाला तुमच्या लहानपणात गेल्यासारखं वाटेल,' असं मला सांगण्यात आलं. उर्राकाचा मोसम होता. यापुढचा तपशील या व्यासपीठावरून देत नाही.

बार्देशातल्या एका गावात, शेताच्या कडेला, पोर्तुगीज काळातलं एक जुनं घर आहे. त्याचा हा बार केलेला. बाल्कांवाचे दगडी सोपे तसेच ठेवलेत, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत. आत शिरल्यावर उजवीकडे मर्फीचा रेडिओ, त्यावर क्रोशाचा रुमाल. पायाच्या शिवणयंत्रांचे बिडाचे सांगाडे आणून त्यावर फळ्या टाकून टेबलं केलीत. बसल्या बसल्या पायाशी यंत्राची पट्टी हलते. आमच्यातली एक जण सारा वेळ ती हलवत होती. भिंतीतून स्कूटरचा पुढचा अर्धा भाग बाहेर आलेला. फेणीचे मोठाले काचेचे बुधले छताला टांगून त्यात दिवे सोडलेत. कोपऱ्यात गोल्ड स्पॉटचे लाकडी क्रेट रचलेले. 1993 साली पार्ले कंपनीने आपली पेयं कोका-कोलाला विकली आणि मग गोल्ड स्पॉट बाजारातून दिसेनासं झालं. त्यामुळे आजच्या मुलांना ते नाव कुठल्या तरी सोन्याच्या दुकानाचं वाटतं. मला मात्र म्हापशाचा बसस्टँड, हातात पेंढ्याची नळी आणि 'सावकाश पी, एकच आहे' म्हणणारी आई, असं सगळं एका क्षणात आठवलं. खोटं कशाला बोलू, मला ती जागा आवडली.

आतल्या खोलीला त्यांनी वर्गाचं रूप दिलं आहे. फळा, खडू, भारताचा नकाशा, दारात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा आणि तो वाजवायला हातोडी. वेटरला बोलवायचं असेल तर टोल द्यायचा. पेयांची यादी प्रगतिपुस्तकात छापलेली. पेयांची नावं 'रिसेस', 'होमवर्क', 'लास्ट बेंच' अशी. 'लास्ट बेंच' दौतीत भरून आणतात. बिल येतं ते कंपासपेटीतून. भिंतीवर एक वेताची छडी आहे. गिऱ्हाइकं ती हातात घेऊन एकमेकांवर उगारतात आणि फोटो काढतात. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ ओणवे उभे राहिले होते, त्यांची बायको छडी घेऊन, आणि मुलगा मोबाइल धरून.

आणि बसायला बाक. शाळेचे खरे बाक. पुढे उतरती फळी, फळीखाली दप्तराचा कप्पा, वर दौतीची खाच. चांगलं पॉलिश केलेले. मी बसले तो बाक हाताने चाचपत होते, तर कडेच्या फळीवर पॉलिशखालून पांढऱ्या रंगातली अक्षरं दिसली: स. प्रा. वि. पुढे गावाचं नाव असणार, तेवढं घासून गेलेलं. खाली आकडा 17.

विद्यार्थिनीच्या नवऱ्याने विचारलं, 'हे कसलं शॉर्ट फॉर्म?' मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी पाण्याचे ग्लास ठेवणारा वेटर म्हणाला, 'सरकारी प्राथमिक विद्यालय.' आणि निघून गेला.

माझं त्याच्याकडे लक्षही गेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझे वडील पेडणे तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मी त्याच शाळेत पहिली ते चौथी शिकले. पटावर मुलं उरली नाहीत म्हणून काही वर्षांपूर्वी ती शाळा बंद झाली. कौलं उतरवली, सामान कुठे गेलं कोणाला ठाऊक नाही. आणि इथे मी कदाचित त्याच शाळेच्या बाकावर बसून दौतीतून पीत होते. कायदा शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत दारूचं दुकान येऊ देत नाही. शाळाच उचलून दारूच्या दुकानात आणली तर काय, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नसावा. हा विनोद मला तिथेच सुचला होता आणि मी तो मनात जपून घरी आणला, लेखासाठी.

लेख त्याच रात्री लिहिला. बाराशे शब्द, एका बैठकीत. तुम्हा लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, असं लेखन किती गोड असतं. हात थांबत नाही. त्यात बाक होता, बाकाच्या फळीचं कुसळ मांडीत गेल्याची आठवण होती. शाळेसमोरच्या तावेर्नीत संध्याकाळी जमणारे गावकरी, त्यांच्या गप्पा आणि कंदिलाचा पिवळा उजेड होता. भिंतीवरच्या छडीवर एक परिच्छेद होता. त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'त्या छडीच्या धाकातही माया होती.' आणि मराठी शाळा मिटत चालल्याचं दुःख तर होतंच. लेख रविवारच्या पुरवणीकडे पाठवायचा, एवढंच बाकी होतं.

इथे जरा थांबून शब्दाबद्दल थोडं बोलते, नाहीतर विषय सोडून बाई भरकटल्या असं व्हायचं.

इंग्रजीत ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणतात तो शब्द मुळात वैद्यकातला. 1688 साली योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझल इथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीकमधले दोन शब्द जोडून: घरी परतणं आणि वेदना. घरापासून लांब राहणाऱ्या स्विस तरुणांना होणारा आजार, असा त्याचा अर्थ. खाणं तुटायचं, झोप उडायची, माणूस खंगायचा. उपाय एकच, घरी धाडणं. पुढे तो आजार उरला नाही, भावना झाली. आपल्याकडच्या जुन्या लोकांना पोर्तुगीजमधला साउदाद हा शब्द माहीत होता, त्यातही दुखणं आहे. मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. वर्गात शिकवताना मी या शब्दाचं नेहमी कौतुक करत आले. त्या रात्रीनंतर मला तो जरा खुपायला लागला आहे. वेदना कुठे गेली? आपण स्मरणाला रंजनाच्या कामाला लावलं. आणि मला वाटतं, शब्द प्रामाणिक आहे, कारण आपण लेखनात बहुतेक वेळा तेच करतो. स्वेतलाना बॉइम यांनी 2001 साली आलेल्या आपल्या पुस्तकात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार मानले. एक, हरवलेलं घर पुन्हा जसंच्या तसं बांधू पाहणारा. दुसरा, हरवलेपणापाशी रेंगाळणारा, स्वतःकडेही संशयाने पाहणारा. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दुसरा प्रकार चांगला असं सांगत आले आणि त्या रात्री पहिल्या प्रकारात आकंठ बुडाले होते.

लेख पाठवण्याआधी बाबांना वाचायला दिला. त्यांचं वय आता 86. माझं छापायला जाणारं सगळं ते आधी वाचतात, लाल पेन घेऊन. विचारांशी त्यांचा संबंध नसतो, ऱ्हस्व-दीर्घाशी असतो. डॉक्टरेटच्या प्रबंधातही त्यांनी चुका काढल्या होत्या. या वेळी त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, 'हे बाक खंयचे?'

आमच्या घरात बोलणं कोकणीत असतं, पुढचं मी मराठीत सांगते.

'आपल्या शाळेतले, बाबा. म्हणजे तसलेच.'

'तू होतीस तेव्हा शाळेत बाक नव्हते.'

मी हसले. म्हटलं, मला तर कुसळ गेलेलं आठवतं. ते म्हणाले, 'ते हायस्कुलातलं. बाक 1988 साली आले. चोवीस. जडसंग्रह नोंदवहीत नोंद मी केली आहे. तू तेव्हा कॉलेजात होतीस.'

मित्रहो, मी वाद घातला. डॉक्टरेट झालेल्या बाईने 86 वर्षांच्या हेडमास्तरांशी त्यांच्याच शाळेच्या सामानावरून वाद घातला. ते शांतपणे एकेक सांगत गेले आणि माझी आठवण एकेक फळी निखळावी तशी निखळत गेली. आम्ही जमिनीवर बसत होतो. प्रत्येकाचं स्वतःचं गोणपाट असायचं, ते गुंडाळून पिशवीत घालून आणायचं. जमीन शेणाने सारवलेली. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मुलगे पाणी आणि शेण आणायचे आणि आम्ही मुली वर्ग सारवायचो. सहा-सात वर्षांच्या मुली. हे मी साफ विसरले होते. बाबांनी 'सारवण' म्हटलं मात्र, त्याचा वास आला, हाताला सुटणारी थंडीतली कंड आठवली, आणि मास्तरांची मुलगी म्हणून मला कोपऱ्यातला थोडा भागच मिळायचा, त्यावरून इतर मुली माझ्याशी कशा बोलेनाशा व्हायच्या, तेही आठवलं.

मग तो बाक कुठला? बाबा म्हणाले तो, हायस्कुलातला. चौथीनंतर मी तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेले. पाचवीचं ते संपूर्ण वर्ष मला वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि बाकाच्या कडेचं लाकूड नखाने कुरतडायचे. कुसळ तिथलं. घरी रोज रात्री बाबा कंदिलाशी बसून मला इंग्रजीचे धडे कोकणीत समजावायचे, म्हणून मी तरले. माझ्या मनाने त्या वर्षातला तो एकच बाक उचलला आणि त्याला त्या वर्षापासून सोडवून, स्वच्छ पुसून, सुखाच्या शाळेत नेऊन ठेवला. बारवाल्याने याहून वेगळं काय केलं होतं? त्याने निदान पैसे देऊन घेतले होते.

बाबांनी लेखातलं आणखी एक वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. छडीतल्या मायेचं. त्याची वेलांटी बरोबर होती.

शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे, तावेर्न होती हे खरं. त्या बारच्या छताला टांगलेत तसले बुधले तिथेही होते, पण त्यात दिवे नव्हते. खोली काळोखी, एक फळी, दारात एक बाकडं. गप्पा मी कधी ऐकल्याच नव्हत्या. आम्हा मुलींना तिकडे बघायचीसुद्धा मनाई होती. संध्याकाळी कोणाची तरी आई आमच्या दारात यायची, 'मास्तर, जरा त्याला सांगा हो' म्हणायला. बाबा सदरा अडकवून बाहेर पडायचे. ते तावेर्नीत शिरत नसत, दारात उभे राहून नावाने हाक मारत. कधी माणूस बाहेर यायचा, कधी नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील त्या फळीवरचे रोजचे. एकदा तो अर्धी पाटी घेऊन शाळेत आला. फुटलेल्या पाटीचा अर्धा तुकडा, चौकट नसलेला. बाबांनी विचारलं, पाटी कशी फोडलीस. तो काही बोलला नाही. बाबांनी त्याला दोन छड्या मारल्या.

'पाटी बापाने फोडली होती,' बाबा मला म्हणाले. 'मला महिन्याने कळलं.' थोडा वेळ गप्प राहिले. 'तिसरीत सोडून गेला. म्हापशाला हॉटेलात कपबशा धुवायला.' आणि मग, मी काहीच विचारलेलं नसताना, 'मारायला नको होतं.'

पन्नासाला टेकलेली गोष्ट. ती त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. माझा लेख नसता तर सांगितली नसती, म्हणजे त्या लेखाचा तेवढा उपयोग झाला. मी मात्र तो पाठवला नाही.

माझ्या वडिलांबद्दल तुमचा गैरसमज होऊ नये म्हणून दोन शब्द. ते स्वतः देवळाच्या आवारात शेणवीमामांच्या शाळेत शिकले. धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवलेली ती पिढी. पोर्तुगीज राजवटीत मराठी तिथेच मिळायची. 1961 च्या मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. बाबा 1964 साली नोकरीला लागले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी अक्षर पाहिलं नव्हतं तिथली मुलं त्यांनी शाळेत आणली. छडी त्याच काळातली होती, त्यांच्या शेणवीमामांनी त्यांनाही मारलं होतं. हे समर्थन नाही, बाबांनी स्वतः ते दिलेलं नाही.

आता साहित्याकडे येते, थोडक्यात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होत गेली. त्यात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घराला झालेला जाच त्या हसत हसत सांगतात. वाचक खदखदून हसतो. पण तो जाच त्यांनी तिळभर कमी करून सांगितलेला नाही, वाचून झाल्यावर घरातल्या बायकांचे पाण्यात बुडालेले हात तेवढे डोळ्यांपुढे राहतात. मला हे फार अवघड वाटतं. हसू आलं की आपण बाकीचं झाकतो. 1978 साली आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये आठवणी सांगणारा आहे दगडू मारुती पवार आणि ऐकणारा आहे दया पवार. एकाच माणसाची दोन नावं. शिकलेला, पांढरपेशा झालेला माणूस आपल्या लहानपणाबद्दल बोलू लागला की तो ते सजवणार, याची धास्ती त्या मांडणीत आहे असं मी समजते. माझ्या लेखात बोलणारी फक्त प्राध्यापक बाई होती. सारवणाऱ्या मुलीला कोणी विचारलंच नव्हतं. आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तर मास्तराचीच गोष्ट. तिथली शाळा शेवटी रिकामी होते ती दुष्काळात वाडी जगायला बाहेर पडते म्हणून. माडगूळकर तिथे उसासा टाकत नाहीत. कोण कुठे गेलं एवढंच आपल्याला दिसत राहतं.

कोण कुठे गेलं. हा प्रश्न माझ्या लेखात नव्हता. शाळा 'मिटली' असं मी लिहिलं होतं, जसं फूल मिटतं. ती कशी मिटली? माध्यमाचा वाद इथे सगळ्यांना माहीत आहे. 1990 चा निर्णय, 2011 चा निर्णय, मोर्चे, सगळं. त्यात शिरत नाही. माझ्यापुरतं सांगते. माझा मुलगा पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकला. दाखल्याच्या दिवशी बाबा आमच्याकडे होते. ते काही बोलले नाहीत, मुलासाठी नवं दप्तर घेऊन आले. माझ्या वर्गातल्या ज्या मुली पुढे शिकल्या त्या सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत गेली. आणि तरीही ती शाळा आम्ही सोडल्यानंतर वीसेक वर्षं चालू होती. कोणाच्या जिवावर?

हे मला बाबांनीच विचारलं, पण वेगळ्या शब्दांत. मी मोबाइलवर बाकाचा फोटो दाखवला होता. ते चष्मा वर करून पाहत होते. 'इथे काहीतरी कोरलंय,' म्हणाले. मी फोटो मोठा केला. फळीच्या आतल्या कडेला कंपासच्या टोकाने कोरलेलं एक नाव होतं, अर्धं पॉलिशने बुजलेलं. शेवटची अक्षरं 'प्पा'. उत्तर कर्नाटकातलं नाव. मी त्या बाकावर तीन तास बसले होते आणि ते पाहिलं नव्हतं. मी पाहिली ती फक्त 'स. प्रा. वि.' ही अक्षरं, कारण ती माझी वाटत होती.

मी पुन्हा त्या बारमध्ये गेले. दुपारी, एकटी. त्या वेटरला शोधत. बार बंद होता, तो आत ग्लास पुसत होता. मी मराठीत बोलले, तोही मराठीत बोलू लागला, आणि त्याची मराठी प्रमाण होती, पुस्तकातली, आमच्यासारखी कोकणीत भिजलेली नाही. आईवडील बागलकोटकडचे, रस्त्याच्या कामावर आलेले. घरी कन्नड. तो आणि त्याची बहीण बार्देशातल्याच एका सरकारी मराठी शाळेत शिकले. 'चौथीत आमच्या वर्गात सात मुलं होती,' तो म्हणाला. 'तीन आमच्याकडची, दोन बिहारची, दोन इथली. बाक खूप होते. एकेकाला एकेक. बाईंनी सांगितलं होतं, ज्याने त्याने आपला बाक रोज पुसायचा.' मी विचारलं, नावं कोरत होता का. तो हसला, 'सगळेच कोरतात, मॅडम.' हे नाव त्याचं नव्हतं, त्याच्या ओळखीच्या कोणाचंही नव्हतं. मग मी विचारलं, पुढे काय. 'पाचवीला इंग्रजी हायस्कूल. काही कळेना. नववीत सोडलं.' हे त्याने जितक्या सहजपणे सांगितलं तितक्या सहजपणे मी ते इथे सांगू शकत नाही, कारण पाचवीचं ते वर्ष मला ठाऊक आहे, आणि माझ्याजवळ कंदील होता.

आपल्या मराठी शाळेचे शेवटचे विद्यार्थी हे होते. ज्यांच्या घरात मराठी नव्हती त्यांनी ती शेवटपर्यंत गिरवली. आपण इथे मराठीसाठी परिसंवाद घेतो, ते योग्यच आहे, मीही बोलते. पण या मुलांचं एखादं स्मृतिचित्र मराठीत आलेलं मी तरी वाचलेलं नाही. तो मुलगा लिहील की नाही, मला सांगता येत नाही. मी त्याला लिही असं म्हटलं नाही, त्याला ग्लास पुसायचे होते आणि मालक आला होता. मी फक्त विचारलं, इथे वाचायला काही मिळतं का. तो म्हणाला, 'पेपर येतो, मराठी. मालकांना वाचता येत नाही, मीच वाचतो.'

मालक तिशीतला, बोलायला चांगला. बाक त्याने म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडून घेतले, पावती आहे. बारा मिळाले. भंगारवाल्याने कुठून आणले, त्याला माहीत नाही. मी हे बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी विचारलं, 'निर्लेखन होऊन लिलावात गेले असतील ना? मग रीतसर आहे.' आणि थोड्या वेळाने, 'छडी आहे म्हणतेस तिथे. ती काढतील का विचार.' मी विचारलं. मालक जरा गोंधळला, लोकांना तीच आवडते म्हणाला. बघू म्हणाला.

बाबांना ते बाक पाहायचे आहेत. बार संध्याकाळी सातला उघडतो आणि बाबा आठला झोपतात, म्हणून मालकाने दुपारी यायला सांगितलं आहे. येत्या रविवारी आम्ही जाणार. आमच्या शाळेचे बाक पहिली-दुसरीसाठी मागवलेले होते, नेहमीपेक्षा बुटके, असं बाबांचं म्हणणं आहे. उंची मोजली की कळेल. कपाटाच्या खणातून त्यांनी मोजपट्टी काढून ठेवली आहे, आणि तो वेटर रविवारी कामावर असतो का, हे मला फोन करून विचारायला सांगितलं आहे.